पिठात लिहिलेली गावं

गुंऽऽ... गुंऽऽ... गुंऽऽ...

माझ्या पोटाखाली काहीतरी थरथरलं. पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, तोवर अगदी निवांत होतं. चुलीतला विस्तव राखेची गोधडी ओढून झोपायच्या बेतात होता. सहा वर्षांची तुळजा माझ्या पालथ्या पाठीवर बसली होती. तिच्या मांडीवर पुस्तक होतं आणि ओळीवर बोट. भोवती घरातली लहानमोठी माणसं बसली होती. आवाज झाला तसं तुळजाचं बोट ओळीवर थबकलं. तिच्या बापाचा हात पुढे आला. तिच्या आईनं नुसत्या मानेनं 'राहू द्या' म्हटलं. बोट पुन्हा चालू लागलं. माझ्या पोटाखालचा फोन आणखी थोडा गुणगुणला आणि थकून गप्प झाला.

मित्रांनो, त्या एका न उचललेल्या फोनामुळे पुढे बरंच काही झालं. ते सांगायचं, तर आधी माझी ओळख करून द्यायला हवी.

मी एक जुनी काटवट आहे. पुस्तकात मला काठवट असं लिहितात. भाकरीचं पीठ मळायचं मी एक लाकडी भांडं, एकाच बुंध्यातून कोरलेलं. मधे खोलगट, कडेला उथळ, आणि उचलायला चांगलीच जड.

त्याआधी मी बाभूळ होते. धारूरच्या अलीकडे, बालाघाटाच्या उतारावर, एका बांधाच्या टोकाला उभी होते. झाडाला प्रवास कसला? शेळ्या यायच्या, शेंगा खाऊन जायच्या. दिवाळीनंतर घाटातून गाड्या खाली उतरायच्या, माणसांनी, भांड्यांनी, कोंबड्यांनी भरलेल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच गाड्या परत वर यायच्या. ही सगळी जातात तरी कुठं, असं मला वाटायचं. विचारायचं कुणाला? एका वळवाच्या वाऱ्यात मी मुळासकट आडवी झाले. सिदू सुतारानं माझा बुंधा धारूरला नेला, सावलीत वाळवला आणि वाकसानं कोरायला घेतला. कोरताना तो स्वतःशीच गुणगुणायचा. अजूनही मध्यान्हीला सगळं शांत झालं, की माझ्या लाकडातून ते गुणगुणणं येतं असं मला वाटतं. कदाचित तो वाराही असेल.

बाजाराच्या दिवशी एका बापानं मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं. त्या लेकीचं नाव वत्सलाबाई. तिच्या नवऱ्याचं नाव मोहनराव. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात मी एका गाडीवर चढले आणि घाट उतरले. बांधावरच्या बाभळीचा प्रश्न असा सुटला. ती सगळी माणसं ऊस तोडायला जात होती.

आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मोहनराव आणि वत्सलाबाई हा टोळीतला नावाजलेला कोयता होता आणि वत्सलाबाईची भाकरी त्याहून नावाजलेली. कुणी भाकरीची तारीफ केली, की ती माझ्या कडेवर थाप मारून म्हणायची, माझं काय हाय त्यात, काटवट चांगली हाय. शेजारच्या कोपीतल्या बाया मला मागून न्यायच्या. परत येताना माझ्यात वाटीभर हरभरे नाहीतर चार वांगी असायची, कारण रिकामं भांडं परत करायची आमच्याकडं रीत नाही. गाडीवर मला सगळ्यात वर, तोंड आभाळाकडं करून बांधायचे. माझ्यात दव साचायचं, कधी चांदणं साचायचं, आणि मी डुलत डुलत जायची. चालणारं झाड झाल्यासारखं वाटायचं मला.

दिवस गेले. वत्सलाबाईचे दोन लेक मोठे झाले, थोरला अजिनाथ आणि धाकटा अभिमन्यू. सुना आल्या, थोरली मंगल आणि धाकटी मंजुषा. थोरलीची चार आणि धाकटीची एक अशी लेकरं झाली. वत्सलाबाईचे गुडघे गेले. ती आणि मोहनराव गावी राहू लागले, लेकरं त्यांच्याजवळ, आणि हंगामाला जाऊ लागले दोन कोयते. मंगलच्या रुखवतात स्टीलची परात आली होती. परात हलकी, चकचकीत, घासायला सोपी. तिच्यावर माझा राग नाही. पण ती आली आणि मी गोठ्यात गेले.

गोठ्यात माझ्यात बैलांची पेंड भिजवायचे. खाऊन झालं की बैल मला चाटायचा, बराच वेळ, जिभेनं, मायेनं. त्या काळात मला कुणी हात लावला असेल तर त्या बैलानंच. एका उन्हाळ्यात माझ्या कडेला चीर गेली. मला वाटलं, आता उरलं चुलीत जाणं.

मित्रांनो, गोठ्यातून अंगण सगळं दिसतं. त्या वर्षी दोन्ही कोयते हंगामाहून परत आले, तेव्हा मी ते पाहिलं. गाडी थांबली. मंजुषा उडी मारूनच उतरली आणि हात पसरून धावली. पाच वर्षांची तुळजा आजीच्या लुगड्यामागं सरकली. सगळ्यांनी समजावलं, अगं, आई हाय ती तुझी. मंजुषा तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली. तुळजानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग एक हात पुढं केला, आईच्या गालावर दोन बोटं टेकवली आणि ती हळूच फाकवली. मोबाईलमधलं चित्र मोठं करायला फाकवतात, तशी.

सहा महिने आई तिला तशीच भेटली होती, काचेतून. गाल काही मोठा झाला नाही. तुळजानं पुन्हा एकदा करून पाहिलं.

मंगलला हसू आलं, मग तिनं तोंडावर पदर घेतला. मंजुषा उठली आणि बांधलेली भांडी सोडायला लागली.

मंजुषा युसूफ वडगावची. बारावीपर्यंत शिकलेली. गल्लीतली पोरं गोळा करून शाळा-शाळा खेळायची तिची सवय मोठी झाली तरी मोडली नव्हती. पुढच्या दसऱ्याला तिनं सासऱ्याला सांगितलं, मामा, यंदा लेकरं मी संगं नेते. सगळी. घरात चांगलीच गरमागरमी झाली. अजिनाथचं म्हणणं होतं, पाचटात काय शाळा होती का? त्याचंही खोटं नव्हतं. तो लहानपणी आईबापामागं उसाच्या फडात फिरला होता आणि त्याची शाळा फडातच कुठंतरी पडून राहिली होती. आपल्या पोरांचं तसं होऊ नये, म्हणूनच तो त्यांना गावी ठेवत आला होता. गावच्या शाळेतल्या सरांनी मात्र फोनवर धडे पाठवायचं कबूल केलं.

शेवटी मोहनराव बोलले.

"ने. पण परत आल्यावर सर लेकरांना इचारतील. आलं तर आलं. न्हाई आलं, तर पुना हा हट्ट करायचा न्हाई. लेकरं हितं राहतील."

मंजुषा हो म्हणाली. लेकरं जवळ राहणार की काचेत जाणार, हे त्या एका होकाराला बांधलं गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी ओसरीवर भांड्यांची वाटणी होते. एकच घर दोन जागी राहणार, म्हणून तवा इकडं, कढई तिकडं. वत्सलाबाई भिंतीला टेकून बसते आणि बोटानं दाखवते, हे जाईल, हे राहील. त्या वर्षी तिनं परात स्वतःला ठेवून घेतली, गुडघ्यांना जड उचलवेना म्हणून. मग हंगामाला काय न्यायचं? मंजुषा गोठ्यात आली. तिनं मला राखेनं घासलं, पाण्यानं धुतलं, तेल पाजलं. म्हातारा सिदू सुतार कुणाकडं तरी आला होता, त्यानं माझ्या चिरेवर पत्र्याची पट्टी मारून दिली. मला ओळखलं का त्यानं? ओळखलं असावं. पट्टी ठोकताना तो गुणगुणत होता.

पुन्हा घाट, पुन्हा गाडी, पुन्हा तोंड आभाळाकडं. पण या खेपेला प्रवास निराळा होता. ट्रॉलीत गाठोड्यांवर पाच लेकरं बसली होती आणि मंजुषानं त्यांना काम दिलं होतं. रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचायची. ज्याला वाचता येईल त्यानं मोठ्यानं वाचायचं, ज्याला येत नाही त्यानं मागून म्हणायचं. केज आलं. कळंब आलं. लेकरं गावांची नावं अशी ओरडायची, की रस्त्यानं चाललेली माणसं वळून बघायची. तुळजाला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून म्हणायची आणि मग बराच वेळ ते नाव तोंडात घोळवत राहायची, गोळी चघळावी तशी. येरमाळा, येरमाळा, येरमाळा. झोप लागली तरी ओठ हलत होते.

नीरेच्या काठी आमची टोळी उतरली. कोप्या उभ्या राहिल्या. तांबडं फुटायच्या आधी मोठी माणसं फडात जायची, उन्हं कलली की यायची. आल्यावर मंजुषा मला उताणी करून माझ्यात ज्वारीचं पीठ घ्यायची.

लेकरांची लिहायची पाटी पहिल्याच आठवड्यात फुटली होती. एका संध्याकाळी पीठ घेतलं आणि चुलीवर आधण ठेवायला ती वळली, तेवढ्यात तुळजानं पिठात बोट घातलं आणि एक रेघ ओढली. मंजुषा ओरडणार होती. पण रेघ सरळ होती. तिनं शेजारी दुसरी रेघ ओढली, वर एक आडवी दिली. मग तळहातानं पीठ सारखं केलं आणि म्हणाली, आता तू. तिथून आमची शाळा सुरू झाली. रोज भाकरीआधी लेकरं माझ्याभोवती बसायची. कुणी अक्षर काढायचं, कुणी गणित मांडायचं. लिहून झालं, वाचून झालं, की मंजुषा गरम पाणी ओतायची आणि सगळं मळून टाकायची.

तुळजानं एकदा विचारलं, मी लिवलेलं जातं कुठं? मंजुषा म्हणाली, पोटात जातं. मंगलचा थोरला सत्यम चौथीतला. त्याला त्या दिवशी सतराचा पाढा आठवत नव्हता. तो लगेच म्हणाला, तरीच, कालचा पाढा मला पचलाय. सगळे हसले. मला फार बरं वाटलं. माझ्यात इतकी वर्षं पीठ मळलं गेलं, पण पाढे कधी मळले गेले नव्हते.

आता मोबाईलचं सांगते. सरांचे धडे त्यातूनच यायचे. पण धडा संपला की लेकरांचं बोट घसरायचं. मोठ्यांचंही घसरायचं. दिवसभर कोयता चालवून आलेली माणसं ती, त्यांना दोष काय द्यायचा? पण एका कोपीत गुडघ्याला गुडघा लावून बसलेली सगळी जणं वेगवेगळ्या गावाला गेलेली असायची. तुळजा एकेकाच्या तोंडावर पडलेला निळा उजेड बघत बसायची.

एका संध्याकाळी जेवणं झाली. मंजुषानं मला धुतलं, पुसलं, आणि हात पुढं केला. नवऱ्याचा फोन घेतला, मंगलचा घेतला, स्वतःचा ठेवला. अजिनाथचा साधा बटणांचा होता, तोही घेतला. वर मला पालथी घातली आणि माझ्या पाठीवर तुळजाला बसवलं. राखणीला.

अजिनाथ म्हणाला, "आता काय आमाला बी बाराखडी शिकिवती का?"

मंगल म्हणाली, "शिकिवली तर बरंच हाय की. यस्टीचा बोर्ड दर येळी मलाच वाचायला लावता."

अजिनाथ थोडा वेळ फुगून बसला. मग पोरांनी गोष्ट सांगा म्हणून मागं लकडा लावला आणि हळूहळू दिसून आलं, की घरात सगळ्यात जास्त कोडी त्यालाच येतात. आमच्याकडं कोड्याला हुमान म्हणतात. त्यानं माझ्यावरच एक रचलं. लाकडाची गाय, पोटात चार वासरं, हंबरतात पर दूध मागंनात. पोरांनी ते दुसऱ्या कोप्यांत नेलं आणि सगळ्या टोळीत झालं. रोज संध्याकाळी थोडा वेळ गाय बसू लागली. पाढे, गोष्टी, गावांची नावं. नाहीतर काहीच नाही, नुसतं बसणं. पाचटातून वारा गेला की कोपी श्वास घेते असं वाटायचं. मी पालथी पडून ऐकत राहायची. झाड होते, तेव्हा रात्र पडताना पाखरं येऊन बसायची. तसंच काहीसं.

आणि मग ती संध्याकाळ आली, जिच्यापासून मी सुरुवात केली.

अजिनाथ आठवडी बाजाराला गेला होता. त्या दिवशी तुळजानं पुस्तक उघडलं आणि कुणी न सांगता, कुणी मागून न म्हणता, पहिल्यांदा एकटीनं वाचायला लागली. एक एक अक्षर, मग शब्द, मग सबंध ओळ. तेव्हाच माझ्या पोटाखाली अभिमन्यूचा फोन थरथरला आणि मंजुषानं मानेनं राहू द्या म्हटलं. धडा संपेपर्यंत कुणी हललं नाही.

फोन मुकादमाचा होता. तानाजी मुकादम आमच्या टोळीचा. रिकामी ट्रॉली फडावर आली होती, लगेच भरायला माणसं हवी होती. कुणी फोन उचलेना, तेव्हा त्यानं ट्रॉली दुसऱ्या टोळीकडं वळवली. ती वळताना बाजाराहून येणाऱ्या अजिनाथनं पाहिली. चार माणसांत मुकादमाचं बोलणं त्यालाच ऐकावं लागलं. आमचा तोडलेला ऊस दुसऱ्या दिवशी उन्हात वाळत पडला. ऊस वाळला की वजन घटतं, आणि मजुरी मिळते ती वजनावर.

अजिनाथ कोपीत आला तो पिशवी टाकूनच.

"कावून उचलला न्हाई बे फोन?"

अभिमन्यू म्हणाला, "पोरगी वाचत होती, दादा."

"पोरगी वाचत होती." अजिनाथनं तेच शब्द पुन्हा म्हटले. "टोळीनं दिवसभर तोडला तो ऊस रानात पडला, अन् पोरगी वाचत होती."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मंजुषाही म्हणाली नाही. ऊस एकट्या आमचा नव्हता, सगळ्यांचा होता. ती खाली मान घालून पिशवीतलं सामान काढत राहिली. अजिनाथनं तिथूनच गावी फोन लावला आणि बापाला सांगितलं, पुढच्या साली लेकरं गावीच राहू द्या, ही शाळा काय आपल्याला झेपायची न्हाई. मोहनराव म्हणाले, पट्टा पडू दे, मग बघू. पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला कुणी पालथं घातलं नाही. फोन ज्याच्या त्याच्या हातात राहिले. तुळजा पुस्तक घेऊन थोरल्या चुलत्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीमागं बसून वाचायला लागली. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. एक पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्या पानावर ती अडली, तेव्हा तो न वळताच म्हणाला, फुडं. मग उठला, स्वतःचा बटणांचा फोन कोपीच्या मेढीला टांगला आणि मंजुषाला म्हणाला, "ह्यो एक बाहीर राहील. मुकादमाला ह्यो नंबर देतो. बाकीचे घाला गाईच्या पोटात."

असं ते निभावलं. पण मोहनरावांची अट होती तिथंच होती.

पाडव्याच्या सुमारास पट्टा पडला. परतीच्या वाटेवर पाट्या उलट्या क्रमानं आल्या आणि या खेपेला तुळजा सगळ्यांच्या आधी वाचत होती. मंजुषा गाठोड्याला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, पण प्रत्येक नावाला तिचे ओठ हलत होते. मी वरून पाहत होते.

शाळेत काय झालं, ते मला सत्यमनं सांगितलं. म्हणजे त्यानं घराला सांगितलं, मी ऐकलं. सरांनी त्याला पाढे विचारले, गणितं घातली. सतराचा पाढा पचला नव्हता, सगळा बाहेर आला. तुळजाला पुस्तक दिलं. तिनं धडाधड वाचलं. सर खूश झाले. मग त्यांनी तिच्यापुढं कागद ठेवला, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, तुझ्या मनानं काहीतरी लिही.

तुळजानं पेन्सिल बाजूला ठेवली, तळहातानं कागद सारखा केला आणि बोटानं लिहायला लागली.

लिहून झाल्यावर तिनं सरांकडं पाहिलं. कागद कोरा होता. वर्गातली मुलं हसली. सरांनी त्यांना गप्प केलं आणि पेन्सिल पुन्हा तिच्या हातात दिली. तिला ती धरताच येईना. धरली तर बोटांतून निसटायची. सरांनी मंजुषाला म्हटलं, वाचन फार छान झालंय, पण हात बसलेला नाही, लिहिलेलं काही आहे का, एखादी वही? वही नव्हती. मित्रांनो, वहीत लिहून घ्यायचं मंजुषाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पीठ रोज होतं, रोज नवं, रोज कोरं. आणि रोज भूक लागलेली.

घरी मोहनराव बाजेवर बसले होते. एवढंच म्हणाले, ठरल्यापरमानं. मंजुषानं मान हलवली आणि पाण्याची घागर घेऊन बाहेर गेली. घागर भरलेली होती.

वत्सलाबाई स्वयंपाकाला बसली. त्या दिवशी कोण जाणे का, तिनं परात न घेता मला पुढं ओढलं. माझ्यात पीठ घेतलं. किती वर्षांनी तिचा हात मला लागला. तुळजा तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली, सवयीनं तळहात फिरवला आणि बोट टेकवलं.

आजी म्हणाली, पिठात काय करती गं? तुळजा म्हणाली, केज. पीठ सारखं केलं. कळंब. पुन्हा सारखं केलं. वत्सलाबाईला अक्षर येत नाही. तिनं नवऱ्याला हाक मारली. मोहनराव चष्मा शोधत आले, वाकून वाचायला लागले आणि वाचता वाचता खालीच बसले. येरमाळा, असं ते म्हणाले, तसा वत्सलाबाईचा हात थांबला.

"येरमाळा म्हंजी ती मोठी चिंच हाय का? हापशीजवळची?"

तुळजा म्हणाली, "हाय. चिंचेखालीच पाटी हाय, आजी."

"त्या चिंचेखाली मी किती डाव भाकर खाल्ली," वत्सलाबाई म्हणाली. "पाटी हाय म्हून म्हाईत न्हवतं."

ती सगळी वाट तिला ठाऊक होती. झाडांनी, विहिरींनी, चढांनी ठाऊक होती. नावांनी नव्हती. मग तीच विचारू लागली. त्याच्याफुडं रेल्वेचं फाटक लागतं, ते काय? तुळजा लिहायची, मोहनराव वाचायचे, आजी मान डोलवायची. अशी नीरेपर्यंतची सगळी वाट माझ्यात उमटली आणि मिटली. दारात घागर घेऊन मंजुषा उभी होती.

भाकरी झाल्या. तुळजा वाढताना सांगू लागली, ही येरमाळ्याची, ही बार्शीची. अजिनाथनं ताट पुढं केलं. म्हणाला, "मला कुर्डुवाडी वाढ."

जेवण झाल्यावर मोहनरावांनी सुनेला हाक मारली. "पोरी, मी अट घातली खरी. आता मलाच काय कळंना. तूच ठरव."

मित्रांनो, ज्यांच्यावर ठरवायची वेळ येते, त्यांना झोप लागत नाही म्हणतात. मंजुषालाही आताशा लागत नाही. जूनपासून तुळजा रोज शाळेत जाते. तिला पेन्सिल धरता येते. सर आवडतात, मैत्रिणी आवडतात, डब्यातली भाकर सगळ्यांनी मिळून खाणं आवडतं. आणि रोज दिवेलागणीला ती मला पालथी घालते, सगळ्यांचे फोन मागून आणते आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसते. हे सोडायचं की ते, हे मला तरी कुठं कळतं? मी एक लाकूड. मला एवढंच कळतं, की झाड जागेवरून हलत नाही आणि काटवट जागेवर राहत नाही, आणि मी दोन्ही होऊन पाहिलंय.

तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल, तर त्याला उन्हात टाकू नका, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका. अधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि संध्याकाळी थोडा वेळ ते पालथं घाला. त्याच्याखाली काय ठेवायचं ते तुम्हांला ठाऊक आहे. त्याच्याभोवती कोण बसतं ते बघा. बसलेली माणसं उद्या त्याच जागी असतीलच असं नाही.

दिवाळी झाली. घाटाच्या रस्त्यानं गाड्या उतरायला लागल्यात. आज आमच्या ओसरीवर भांड्यांची वाटणी चालली आहे. वत्सलाबाई भिंतीला टेकून बोटानं दाखवते आहे. तवा इकडं, कढई तिकडं. माझ्यापाशी तिचं बोट आलं आणि काही न बोलता पुढं गेलं. मंजुषानं मला मांडीवर ओढून घेतलं आहे. वाटीत तेल घेऊन ती माझ्या कडेवरून हात फिरवते आहे, पत्र्याच्या पट्टीवरून, पुन्हा कडेवरून. तुळजा शेजारी येऊन बसली. तिनं माझ्या ओल्या लाकडावर बोटानं काहीतरी लिहिलं. ते कुणाला वाचता आलं नाही.

मग तिनं विचारलं, "आई, काटवट तुझ्यासंगं जाणार का माझ्यापाशी राहणार?"

मंजुषाचा तेलाचा हात माझ्या कडेवर तसाच थांबला आहे.